आकड्याला टाळ्या

पाहुण्यांची ओळख लिहून देणं हे आमच्या मेडिकल कॉलेजात ग्रंथालयाचं काम मानलं जातं. कारण साधं आहे, शोधनिबंधांची नोंद ठेवणाऱ्या स्कोपस या डेटाबेसचा पासवर्ड माझ्याकडे असतो. मागे वेदनेच्या न्यूरोसायन्समधले एक मोठे संशोधक व्याख्यानाला येणार होते, तेव्हाही ते काम माझ्याकडे आलं. शिक्षण, पदं, शोधनिबंधांची संख्या, सायटेशन्स म्हणजे इतरांनी त्या निबंधांचे दिलेले संदर्भ, त्यांवरून निघणारा एच-इंडेक्स असं सगळं मी नेहमीप्रमाणे उतरवून काढलं, आणि शेवटी दोन ओळी मनाने घातल्या: जखम भरून आल्यावरही मज्जारज्जूतल्या काही पेशी जाग्याच राहतात, साध्या स्पर्शालाही वेदना म्हणून वर कळवत राहतात, आणि या माणसाने आपलं निम्मं आयुष्य त्या पेशींच्या मागे घालवलं आहे. कार्यक्रमाच्या सकाळी सूत्रसंचालन करणाऱ्या डॉक्टरांनी कागद वाचला, घड्याळ पाहिलं, आणि पेनाने नेमक्या त्या दोन ओळी खोडल्या. "वेळ नाहीये मॅडम. आकडे पुरेत." सभागृहात एसीचा गारठा होता, मागच्या दाराजवळ चहाचे थर्मास मांडून ठेवलेले होते, आणि पहिल्या वर्षाची मुलं हजेरीसाठी आणून बसवलेली होती. शोधनिबंधांचा आकडा आला, कुणी हललं नाही. सायटेशन्सचा आला, थोडी कुजबुज झाली. एच-इंडेक्सचा आकडा आला आणि टाळ्या पडल्या, चांगल्या जोरदार. पाहुणे खुर्चीतून अर्धवट उठले, हात जोडले, आणि पुन्हा बसले. त्यांनी काय शोधलं हे तोपर्यंत सभागृहात कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

हे मला का खुपलं, हे मी बरेच दिवस स्वतःलाच विचारत होते. आकड्यांचं मला वावडं नाही; उलट माझा अर्धा पगार आकड्यांचाच आहे. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की कॉलेजातल्या प्रत्येक अध्यापकाचे शोधनिबंध किती, ते किती वेळा उद्धृत झाले, संस्थेचा एच-इंडेक्स किती, हे सगळं आमच्याच खोलीतून जातं. ज्यांनी वर्षभरात ग्रंथालयाची पायरी चढलेली नसते ते प्राध्यापक त्या दिवसांत दोनदोनदा येऊन टेबलाशी उभे राहतात. "मॅडम, एक सायटेशन कमी दिसतंय बघा." एकदा एका ज्येष्ठ सरांना मी सांगितलं की कमी दिसणारं ते सायटेशन त्यांच्याच आडनावाच्या दुसऱ्या एका डॉक्टरांचं आहे, तर त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं. हा एच-इंडेक्स काढला जॉर्ज हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका भौतिकशास्त्रज्ञाने, २००५ साली. तुमचे वीस निबंध प्रत्येकी निदान वीस वेळा उद्धृत झाले असतील तर तुमचा एच वीस. सोपं, सुटसुटीत, एका दमात सांगता येणारं. आणि एकदा वर गेलेला हा आकडा खाली येत नाही. माणूस निवृत्त झाला, संशोधन सोडलं, अगदी वारला तरी वाढतच राहतो.

त्याच सुमारास घरी दुसरा एक आकडा चालू होता.

आईला नागीण झाली होती. उजव्या बाजूला, बरगडीच्या खालून पाठीपर्यंत पट्टा. फोड सुकले, खपल्या पडल्या, कातडी नवी आली, पण दुखणं गेलं नाही. उलट ते विचित्र झालं. हाताने दाबलं तर तिला चालायचं, पण पदर नुसता घासला तरी ती कळवळायची. पंख्याचा वारा लागला तरी आग. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या, ज्या ती हौसेने जपून ठेवायची, त्या तिला नकोशा झाल्या. डॉक्टरांकडे दर खेपेला सिस्टर विचारायची, "आजी, दुखणं दहापैकी किती?" आई तिच्याकडे बघत राहायची. एकदा म्हणाली, "पंखा चालू असताना की बंद असताना?" सिस्टर हसली आणि तिने आपल्या अंदाजाने एक आकडा लिहून टाकला. पुढच्या खेपेला आईने विचारलं, "मागच्या वेळी किती सांगितलं होतं ग मी?" तिला वाटायचं ही परीक्षा आहे आणि उत्तर जुळायला हवं. दुखणं स्वतःचं, आणि तरी त्याचा आकडा बरोबर आला की नाही याची धास्ती. फायलीत मात्र तो आकडा झकास दिसायचा. खाली-वर जाणारी रेघ काढता यायची. डॉक्टर चांगले होते, तेही त्या रेघेकडे बघून बोलायचे.

दुखण्याला एका आकड्यात बसवू नये असं वाटणारा एक माणूस होऊन गेला, मॉन्ट्रियलचा मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक. तरुणपणी तो अमेरिकेत पोर्टलंडच्या एका दवाखान्यात रुग्णांचं बोलणं ऐकत बसायचा. लोक दुखण्याला काय काय म्हणतात ते टिपून घ्यायचा, भाजल्यासारखं, टोचल्यासारखं, पिळल्यासारखं, जीव नकोसा करणारं. पुढे १९७५ मध्ये त्याने त्यातून ७८ शब्दांची, वीस गटांत लावलेली प्रश्नावली केली, आणि ती जगभर वापरली गेली. गंमत अशी की त्या प्रश्नावलीचेही शेवटी गुणच काढतात. आणि ती छापलेला निबंध वेदनेच्या क्षेत्रात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या निबंधांपैकी एक झाला. मेल्झॅकचं त्याआधीचं एक काम मला अधिक अस्वस्थ करतं. जन्मापासून एकटी, बंद पिंजऱ्यात वाढवलेली टेरियर जातीची कुत्री बाहेर काढली, त्यांच्यासमोर पेटती काडी धरली, तर ती पळाली नाहीत. पुन्हा पुन्हा नाक घालून ज्योत हुंगत राहिली. इजा नाकाला होते, पण तिला दुखणं म्हणून ओळखणं हे वाढीत शिकावं लागतं, असं काहीतरी त्यातून निघालं. १९५७ चा निबंध. तो वाचला त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. हा परिणाम कुठल्याच डेटाबेसमध्ये मोजला जात नाही, हेही खरं.

आईच्या पदराचं कोडं मला सुटलं ते मात्र सायटेशनच्याच वाटेने, हे कबूल करायला हवं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचं नाव टाकून शोध सुरू केला, एक अलीकडचा आढावा मिळाला, त्याच्या संदर्भयादीतून मागे गेले, तिथून आणखी मागे. ग्रंथपालाला ही सवय असतेच, पायऱ्या उतरत जायची. शेवटी पोहोचले १९८३ च्या 'नेचर'मधल्या जेमतेम तीन पानांच्या एका निबंधाशी. लेखक एकच, क्लिफर्ड वूल्फ. दक्षिण आफ्रिकेत शिकलेला, तेव्हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पॅट्रिक वॉल यांच्या प्रयोगशाळेत काम करणारा तरुण. आज दहा-बारा नावांशिवाय निबंध दिसत नाही, तिथे एकच नाव बघून बरं वाटतं. उंदराच्या पायाला इजा केली की पाय आखडून घेण्याची प्रतिक्षिप्त क्रिया वाढते, एवढं ठाऊक होतं. सगळ्यांना वाटायचं की इजा झालेली जागा हुळहुळी होते, म्हणून. वूल्फने इजेच्या जागी बधिर करणारं इंजेक्शन दिलं. जागा गप्प झाली, तरी वाढलेली प्रतिक्रिया गप्प झाली नाही. म्हणजे बदल तिथे नव्हता, वर मज्जारज्जूत होता. इजेच्या माऱ्याने तिथल्या पेशींचा उंबरठा खाली आलेला होता, आणि स्पर्श वाहून आणणाऱ्या साध्या मज्जातंतूंचा निरोपही आता त्या वेदना म्हणून पुढे ढकलत होत्या. आईची कातडी बरी झालेली होती हे खरंच होतं, आणि तिला आग होत होती हेही खरंच होतं. 'आता काही नाहीये हो आजी, मनातून काढून टाका' असं तिला सांगणारे नातेवाईक मात्र चूक होते. मी तिला माझ्या परीने समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नाहीये." एवढंच. त्या दिवशी ती जरा सैल बसली.

पुढे तिला मिरचीतल्या द्रव्याचं, कॅप्सेसिनचं मलम दिलं. "मिरची लावून आग विझवायची?" असं म्हणून तिने ती ट्यूब डोळ्यांपासून लांब धरून वाचली. त्या प्रश्नाचं उत्तर १९९७ सालचं आहे. डेव्हिड ज्यूलियस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेने मज्जातंतूवरचा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, शोधला, जो मिरचीने उघडतो आणि साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो. ठेच्याने तोंड 'भाजतं' ते म्हणून. तोच दरवाजा, तोच निरोप. सतत मिरची लावत राहिलं तर ते तंतू हळूहळू थकतात, म्हणून मलम. ज्यूलियसना २०२१ चं नोबेल अर्डेम पटापूटियन यांच्यासोबत विभागून मिळालं. निबंधाच्या सायटेशन्सची रास झाली. औषध कंपन्यांनी हा ग्राहक बंद करणारी रसायनं शोधण्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली, आणि माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा काहींच्या अंगात ताप चढला, काहींना गरम वस्तू गरम लागेनाशी झाली. तो दरवाजा शरीराचं तापमान सांभाळण्यातही गुंतलेला होता. विज्ञान म्हणून हा शोध लखलखीत आहे, त्याबद्दल शंका नाही. पण निबंधाच्या माथ्यावरचा आकडा आणि दवाखान्यातली ट्यूब यांच्यात किती अंतर असतं, ते मला त्या मलमाने शिकवलं. आईला थोडा फरक पडला. मलमाने की गोळीने की दिवसांनी, ते तिलाही सांगता आलं नाही.

वूल्फच्या निबंधावरून मी वॉलकडे वळले. पॅट्रिक वॉल आणि मेल्झॅक ही जोडी एमआयटीत जमली, आणि १९६५ च्या नोव्हेंबरात 'सायन्स'मध्ये त्यांचा तो प्रसिद्ध निबंध आला, वेदनेच्या फाटकाचा. मज्जारज्जूत एक फाटक आहे. बारीक, मंद तंतू ते उघडायला बघतात, जाड आणि वेगवान स्पर्शतंतू ते लोटून धरतात, आणि वरून मेंदूही त्यावर हुकूम चालवतो. गुडघा आपटला की आपण तो चोळतो, ते का, याचं उत्तर पहिल्यांदाच नीट मांडलं गेलं. त्याआधी १९६२ मध्ये 'ब्रेन'मध्ये दोघांनी याच दिशेचा एक निबंध लिहिला होता, त्याची फारशी दखल कुणी घेतली नव्हती. १९६५ च्या निबंधाचा आकडा आज गूगल स्कॉलरवर दहा हजारांच्या पुढे आहे. पण त्या दहा हजारांत काय आहे? सुरुवातीची कितीतरी सायटेशन्स भांडणाची आहेत. आकृतीत दाखवलेली जोडणी तशी नाही, ही बाब लवकरच पुढे आली. लंडनच्या पीटर नेथन यांनी १९७६ मध्ये 'ब्रेन'मध्येच त्या सिद्धान्ताची लांबलचक, कसून चिकित्सा केली. तपशील ढासळले, कल्पना उभी राहिली. पाठीला लावायची ती विजेची टेन्स यंत्रं, मज्जारज्जूत बसवायचे उत्तेजक, वेदनेत मन आणि मेंदू यांचा हात असतो हे मान्य होणं, हे सगळं त्या कल्पनेच्या पोटातून आलं. चुकीच्या आकृतीचा निबंध इतका उपयोगी ठरतो, आणि त्याला खोडून काढणारा प्रत्येक जण त्याचा आकडा एकने वाढवतो! हिर्शच्या सूत्राला नेथन आणि भक्त यांच्यातला फरक कळत नाही. मला वाटतं वॉलना या गोष्टीची मजाच वाटली असती, पण हा माझा कयास.

सायटेशनचं खरं रूप मला आपल्याकडच्या लग्नातल्या आहेराच्या वहीसारखं वाटतं. काही पाकिटं मायेची असतात, काही उपकार फेडायची, काही पुढे आपल्या घरचं कार्य आहे म्हणून दिलेली, आणि बरीचशी केवळ द्यायलाच हवीत म्हणून. वहीत मात्र सगळी एकाखाली एक. वेदनेच्या संशोधनात हे फार स्पष्ट दिसतं. 'पेन' या नियतकालिकातल्या सर्वाधिक उद्धृत निबंधांत १९८३ चा झिमरमन यांचा एक आहे. त्यात शोध काहीच नाही. शुद्धीवर असलेल्या प्राण्यांवर वेदनेचे प्रयोग करताना काय पाळावं याची नीतितत्त्वं आहेत. दोन पानं असतील नसतील. प्राण्यांवर काम करणारा प्रत्येक जण पद्धतीच्या विभागात त्यांचं नाव घेतो, जसं पत्रिकेच्या माथ्यावर कुलदैवत छापतात. तसाच १९८८ चा बेनेट आणि शी यांचा: उंदराच्या मांडीतल्या मोठ्या मज्जातंतूभोवती चार सैल गाठी मारायच्या की काही दिवसांत उंदीर तो पाय उचलून धरायला लागतो, चाटत बसतो, गार फरशी सोसत नाही. नागिणीनंतरच्या दुखण्याशी मिळतीजुळती अवस्था प्रयोगशाळेत तयार करायची ती रीत. ज्याला ती अवस्था हवी, त्याला तो निबंध उद्धृत करावाच लागतो. हत्यार देणाऱ्याचा आकडा हत्याराने काम करणाऱ्यापेक्षा मोठा होतो. यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही. चार गाठी किती सैल मारायच्या हे शोधायलाही कुणीतरी महिनोन्महिने सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडलेच असणार.

आणि काहींचं नाव वहीत येतच नाही. २००६ च्या 'नेचर'मध्ये केंब्रिजच्या एका गटाचा निबंध आहे, उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांवरचा. सुरुवात एका दहा वर्षांच्या मुलापासून होते. तो रस्त्यावर खेळ करायचा. हातातून सुऱ्या आरपार घालायचा, निखाऱ्यांवरून चालायचा, आणि त्याला काही व्हायचं नाही. संशोधकांना तो भेटण्याआधीच, चौदावा वाढदिवस उजाडण्यापूर्वी, घराच्या छतावरून उडी मारून मेला. त्याच्या नात्यागोत्यातल्या मुलांत दोष सापडला, सोडियमच्या एका वाहिनीच्या जनुकात. त्या वाहिनीवर औषध शोधायला जगभर अमाप पैसा लागला, आणि तिथे हाती फारसं लागलं नाही. त्याच कुळातल्या दुसऱ्या एका वाहिनीला लक्ष्य करणारं औषध मात्र २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेत मंजूर झालं. निबंधाच्या लेखकांची यादी मोठी आहे. त्या मुलाचं नाव निबंधात नाही, आणि नियमाप्रमाणे ते नसायलाच हवं. तरी प्रत्येक वेळी तो निबंध उद्धृत झाला की मला निखाऱ्यांवरून चालणारी ती पावलंच आठवतात, जनुकाचं नाव नाही.

या सगळ्याच्या मुळाशी युजीन गारफिल्ड. आमच्या ग्रंथालयशास्त्रातला हा मोठा माणूस, एम.लिब.च्या परीक्षेला हमखास येणारा. पण परीक्षेत त्याच्याबद्दल 'इम्पॅक्ट फॅक्टरचा (म्हणजे सायटेशन्सवरून नियतकालिकाचं वजन ठरवणाऱ्या आकड्याचा) जनक' एवढंच लिहायचं असतं. १९५५ च्या 'सायन्स'मधला त्याचा मूळ लेख मी फार उशिरा वाचला. सायटेशनची सूची करावी ही कल्पना त्याने वकिलांकडून उचलली होती. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून वकील एक सूची वापरत, जिच्यात एखाद्या जुन्या निकालाचा पुढे कोणी कोणी आधार घेतला आणि कुठे तो फिरवला गेला हे कळायचं. उलटलेला निकाल घेऊन कोर्टात उभं राहिलं तर फजिती ठरलेली. गारफिल्डला विज्ञानासाठी नेमकं तेच हवं होतं. खोटा, अपुरा किंवा शिळा झालेला पुरावा लोक डोळे मिटून उद्धृत करतात; सूची असली तर प्रामाणिक अभ्यासकाला त्या निबंधावर पुढे कोणी काय आक्षेप घेतले ते दिसेल. मोजण्यासाठी नव्हे, सावध करण्यासाठी. १९६४ पासून त्याची छापील सूची निघू लागली. शिकत असताना मी तिचे खंड हाताळलेत, मुंगीएवढा टाइप, पातळ कागद, बोट ठेवून ओळ धरावी लागायची. त्या बोटाखाली आकडा नसायचा, नावं असायची. कोणी, कुठे, कुठल्या पानावर. आता पडद्यावर आधी आकडा दिसतो, नावांपर्यंत जायला टिचकी मारावी लागते. कोण मारतं?

न मारल्याने काय होतं, त्याचं सर्वांत मोठं उदाहरण वेदनेच्याच क्षेत्रातलं आहे, आणि ते आमच्या तळघरात पडून आहे.

आमच्या तळघरात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चे जुने बांधीव खंड आहेत. डांबरगोळ्यांचा वास, पाठीवरची सोनेरी अक्षरं पुसत आलेली, आणि पावसाळ्यात खालच्या फळीला ओल. १९८० चा पहिला खंड काढला, पान १२३. वाचकांच्या पत्रव्यवहारात, इतर पत्रांच्या गर्दीत, जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पत्र. एक परिच्छेद, पाच वाक्यं. बोस्टनच्या त्यांच्या नोंदींत रुग्णालयात दाखल झालेल्या ११,८८२ रुग्णांना किमान एकदा अफूवर्गीय औषध दिलेलं होतं. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी नीट नोंदलेलं व्यसन चौघांनाच लागल्याचं आढळलं. बस. किती दिवस दिलं, किती मात्रेत दिलं, घरी गेल्यावर काय झालं, यातलं काही नाही, आणि पत्राने तसा दावाही केलेला नाही. पाठदुखीसाठी महिनोन्महिने घरी गोळ्या घेणाऱ्या माणसाशी त्याचा संबंधच नव्हता. तरी नव्वदच्या दशकात अमेरिकेत अफूवर्गीय गोळ्यांचा जो बाजार उघडला, त्यात हे पत्र पुरावा म्हणून फिरत राहिलं. कुणी त्याला 'अभ्यास' म्हटलं, कुणी 'मोठं सर्वेक्षण'. २०१७ मध्ये टोरांटोच्या काही संशोधकांनी गारफिल्डला हवं होतं ते काम केलं, टिचकी मारून एकेक सायटेशन उघडून वाचलं. ६०८ सापडली. त्याच सुमाराच्या तशाच इतर पत्रांची सायटेशन्स साधारण अकराच्या आसपास होती. ६०८ पैकी ७२ टक्क्यांहून अधिकांनी 'व्यसन विरळा' यासाठी त्याचा आधार घेतला होता, आणि ८० टक्क्यांहून अधिकांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्टच सांगितली नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेत अफूवर्गीय पदार्थांच्या अतिमात्रेने ४७ हजारांहून अधिक माणसं मेली. सगळ्यांचं पाप एका पत्रावर घालणं चूक ठरेल. कंपन्या होत्या, विक्रेते होते, झटपट चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर होते, बेकायदा येणारं फेंटॅनिल हे जहाल अफूवर्गीय द्रव्य होतं. पण पाच वाक्यं वाचायला एक मिनिटही लागत नाही. नियतकालिकाने आता संकेतस्थळावर त्या पत्राला टीप जोडली आहे, की हे पत्र फार आणि बिनचिकित्सा उद्धृत झालेलं आहे. तळघरातल्या खंडात अर्थातच ती टीप नाही.

यात आपल्यासाठी वेगळा पेच आहे. आपल्याकडे गोष्ट बरोबर उलटी घडली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळाला आणि शिक्षेच्या भीतीला कंटाळून औषध दुकानांनी, रुग्णालयांनी मॉर्फिन हे अफूपासूनचं वेदनाशामक ठेवणंच सोडलं. अफू आपल्याच देशात पिकत होती, आणि कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं त्याशिवाय कण्हत होती. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली तरी भीती अजून पुरती गेलेली नाही. माझा काका त्याआधीच्या काळात गेला. कोणत्याही डॉक्टरने त्याच्यासाठी मॉर्फिन लिहिलं नाही, आणि आम्हालाही मागायचं असतं हे ठाऊक नव्हतं. त्यामुळे ते पत्र वाचताना माझ्या मनात राग आणि हळहळ दोन्ही एकदम येतात. रुग्णालयात, देखरेखीखाली, गरजेपुरतं दिलं तर भिऊ नका, एवढाच त्या पत्राचा खरा अर्थ. ज्यांनी ते ऐकायला हवं होतं त्यांच्यापर्यंत ते कधी आलं नाही, आणि ज्यांच्यापर्यंत गेलं त्यांनी भलतंच ऐकलं. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या प्रसिद्ध पाच नियमांपैकी एक आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. त्यांच्या डोळ्यांसमोर चुकीचा वाचक मिळण्याची शक्यता नसावी.

व्याख्यान संपल्यावर पाहुणे ग्रंथालयात आले होते. चहा घेत त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं, 'पेन'चे जुने अंक कुठे आहेत विचारलं. १९७५ मध्ये वॉल संपादक असताना सुरू झालेलं ते नियतकालिक. आमच्याकडे सुरुवातीची वर्षं नाहीत, आहेत ते मधले काही. त्यांनी एक खंड काढून स्वतःचा एक जुना निबंध उघडला आणि म्हणाले की त्यांच्या मते हे त्यांचं सर्वांत चांगलं काम. मी नंतर पाहिलं, त्याला सायटेशन्स अगदीच बेताची. एच-इंडेक्समध्ये तो निबंध मोजलासुद्धा जात नाही. त्यांना ते ठाऊक असणारच. त्यांनी पान मिटताना हसून सांगितलं की त्यातल्या एका आलेखासाठी पूर्ण एक हिवाळा गेला होता.

गेल्या महिन्यात भूलशास्त्राचा एक रेसिडेंट सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, घेऊन आला. सिझेरियननंतरच्या वेदनाशमनावर अभ्यास, संदर्भयादी तपासून हवी होती. यादी छान होती, जरा जास्तच छान. "झिमरमन १९८३ कशाला रे? तुझ्या अभ्यासात उंदीर आहेत का?" तो गोंधळला. "सिनियरच्या थिसिसमध्ये होतं मॅडम." पुढे पाहिलं तर सव्विसाव्या क्रमांकावर पोर्टर आणि जिक, १९८०. मी त्याला तळघरात नेलं, खंड काढून पान उघडून दिलं. उभ्या उभ्याच त्याने वाचलं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने पान उलटून पाहिलं, पुढे काही आहे का म्हणून. मग मोबाइलवर फोटो काढला. वर आल्यावर बराच वेळ यादीकडे बघत बसला आणि म्हणाला, "काढायला हवं, कळतंय मला. पण सव्वीस काढला की पुढचे सगळे नंबर बदलतील, मॅडम. आणि उद्या सबमिशन आहे."

मी त्याच्या लॅपटॉपवर झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. नंबर आपोआप बदलतात. यादी दोनाने कमी झाली तर गाइड काय म्हणतील याची मात्र त्याला धाकधूक होती. मी म्हटलं, त्यांनी विचारलं तर माझ्याकडे पाठव.